पहिली तबकडी, पहिली शाबासकी

दिवाळीपूर्वीची साफसफाई म्हणजे आमच्या घरचे वार्षिक उत्खननच असते. माळ्यावरून काय निघेल याचा नेम नाही. एका वर्षी आजोबांचा अडकित्ता सापडला, दुसऱ्या वर्षी कुणाची तरी जन्मपत्रिका. मागल्या दिवाळीत मात्र जुन्या पत्र्याच्या ट्रंकेतून, एका विटक्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलेल्या दोन वस्तू निघाल्या. एक होता चांदीचा मुलामा दिलेला, काळवंडलेला छोटा करंडक. दुसरी होती ग्रामोफोनची तबकडी. तिच्यावर कंपनीचे चित्र नव्हते, रंगीत कागद नव्हता. नुसती पांढरी चकती आणि तिच्यावर शाईने लिहिलेले एक नाव.

दोन्ही वस्तू माझ्या आत्याच्या. आत्या आज ऐंशीच्या घरात आहे. ती गात असे हे आम्हां मुलांना ठाऊक होते. मंगळागौरीला, बारशाला तिचा आवाज सगळ्या बायकांत वेगळा ऐकू यायचा. पण तिला करंडक मिळाला होता आणि तिची तबकडी निघायची होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले!

करंडक १९६६ सालचा. एका संगीत मंडळाच्या स्पर्धेत वीस वर्षांची आत्या पहिली आली. परीक्षकांपैकी एका गृहस्थांनी मुंबईतल्या एका रेकॉर्ड कंपनीकडे तिची शिफारस केली. कंपनीने बोलावले, आवाज तपासला, दोन चिजा ध्वनिमुद्रित केल्या आणि नमुन्याची म्हणून एक प्रत तिच्या हातात ठेवली. दोन महिन्यांत बाजारात येईल, असे सांगितले. दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचे बारा झाले. शेवटी दोन ओळींचे पत्र आले : नव्या नावाला सध्या मागणी नाही. पुढे आत्याचे लग्न ठरले. ती सासरी गेली. ट्रंक माहेरीच राहिली.

होतकरू गवयाच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवून "शाबास" म्हणावे, ही गोष्ट किती मोठी आणि तरी किती अपुरी असते, हा विचार त्या ट्रंकेपाशी बसल्याबसल्या मनात आला. त्याला एक घरगुती कारणही होते. माझी सतरा वर्षांची पुतणी त्याच महिन्यात एका स्पर्धेच्या पहिल्या फेरीतच बाद झाली होती, आणि तिचा तंबोरा गवसणीत जाऊन तीन आठवडे झाले होते. त्या गवसणीची हकीकत शेवटी सांगेन. आधी आपल्याकडच्या शाबासकीचा इतिहास थोडा पाहू.

गंधर्वांची परंपरा

नव्या गवयाला गौरवायची आपली महाराष्ट्राची खास रीत म्हणजे त्याला गंधर्व करून टाकणे. नारायण राजहंस नावाच्या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला "बालगंधर्व" म्हटले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. रामभाऊ कुंदगोळकर "सवाई गंधर्व" झाले. सौदागर गोरे यांना अनंत हरि गद्रे यांनी "छोटा गंधर्व" केले. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा एका मठाच्या स्वामींच्या आशीर्वादाने "कुमार गंधर्व" झाला.

या पदव्यांना अर्ज नव्हता, प्रवेश फी नव्हती, वयाचा दाखला लागत नव्हता. ऐकणाऱ्याचे कान तृप्त झाले की पदवी दिली जाई, आणि महाराष्ट्र ती मान्य करून टाकी. पण पदवी देणारा देऊन मोकळा होई. ती जन्मभर वाहायची असे घेणाऱ्याला. बालगंधर्व १९६७ साली गेले तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते, तरी रसिकांच्या तोंडी अखेरपर्यंत "बाल"च राहिले.

कुमारांची गोष्ट तर या विषयात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. लहानपणी या मुलाचे मोठे कौतुक कशाचे होते? तर तबकड्यांवरचे मोठमोठ्या गवयांचे गाणे तो जसेच्या तसे गाऊन दाखवी. श्वासदेखील त्याच जागी! सन १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या जीना हॉलमधल्या संगीत परिषदेत हा चिमुरडा गायला आणि मुंबईने त्याला डोक्यावर घेतले. त्याच्या बालपणीच तबकड्याही निघाल्या. एवढी वाहवा एखाद्या मुलाला कायमची पांगळी करायला पुरेशी होती. परंतु त्याचे भाग्य असे, की तो प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या हाती पडला. ज्या कौतुकाने मुलगा नक्कल करणारा राहिला असता, त्या कौतुकापलीकडे पाहायला गुरूने त्याला शिकवले. पुढे क्षयाच्या आजाराने काही वर्षे गाणेच बंद पडले. देवासला अंथरुणावर पडून त्यांनी जे ऐकले आणि जो विचार केला, त्यातून बाहेर आलेले गाणे कुठल्याच तबकडीवर आधी नव्हते. बालपणीच्या वाहव्याने त्यांना दार उघडून दिले. आत मात्र त्यांचे त्यांनाच चालावे लागले.

तीन मिनिटांचे प्रशस्तिपत्र

आता त्या काळ्या तबकडीकडे वळू. १९०२ सालच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणाराने एका कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्या कंपनांनी मेणाच्या चकतीवर रेघ उमटायची, असा तो प्रकार होता. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. गाणे संपले की गौहरजान इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. दूरदेशीच्या कारागिरांना तबकडी कुणाची हे कळावे म्हणून, असे सांगतात. १९०८ पासून कलकत्त्यातच तबकड्या निघू लागल्या.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. ज्या गवयाला नुसता षड्ज लावायला पाच मिनिटे लागत, त्याने राग, बंदिश, आलाप, तान हे सारे तीन मिनिटांत उरकायचे! पुष्कळ जुन्या जाणत्यांना हा प्रकार रुचला नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांची तबकडी नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचाही आवाज कुणी टिपून ठेवलेला नाही. ज्यांच्या शिष्यांच्या तबकड्यांनी कपाटे भरली, त्या गुरूंचे गाणे आज फक्त आठवणींच्या पुस्तकांत शोधावे लागते.

गंमत अशी, की अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी आज पृथ्वीवरच्या कुठल्याही गवयाच्या गाण्यापेक्षा दूर पोचली आहे. १९७७ साली अमेरिकेने "व्हॉयेजर" नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर जगभरच्या आवाजांची जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली आहे, तिच्यात गोव्याच्या केरी गावातल्या या बाईंचा स्वर आहे. तीन-साडेतीन मिनिटांची ती भैरवी. केसरबाईही त्याच वर्षी, सप्टेंबरात, गेल्या. जिवंतपणी त्या यंत्रापुढे गायला फारशा राजी नसत, हे ध्यानात घेतले म्हणजे दैवाच्या खोडसाळपणाचे नवल वाटते.

जुन्यांनी नाक मुरडले तरी नव्यांना मात्र ही तबकडी हवीहवीशी वाटे. कारण ती होती बाजारात चालणारे प्रशस्तिपत्र. "याची रेकॉर्ड निघाली आहे," एवढे म्हटले की गावोगावच्या गणेशोत्सवाची आमंत्रणे येत. तबकडीचा हा एक उपयोग झाला. दुसरा त्याहून मोठा होता, आणि तो कुठल्याही कंपनीच्या हिशेबात नसायचा. गदगच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असे गाणे आपल्याला आले पाहिजे या ध्यासाने १९३३ साली, अकराव्या वर्षी, तो घरातून पळून गेला. उत्तर हिंदुस्थान पालथा घालून अखेर तो घराजवळच, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारी येऊन स्थिरावला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. त्यांची स्वतःची पहिली तबकडी १९४४ साली निघाली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. तिच्यात ख्याल नव्हता. कानडी आणि हिंदी भक्तिगीते होती. कंपनीने त्या दिवशी होतकरू म्हणून निवडलेल्या या तरुणाला २००८ साली "भारतरत्न" जाहीर झाले.

एकच साल, दोन तरुण

त्याच १९४४ साली आणखी एका तरुण गवयाची पहिली तबकडी निघाली. दत्तात्रेय विष्णु पलुसकर, म्हणजे रसिकांचे बापूराव. वडील विष्णु दिगंबर १९३१ साली गेले तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे तो शिकला. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ मेळाव्यात त्याने आपले पहिले मोठे गाणे केले. मधुर, स्वच्छ, कुठेही दमछाक नसलेला आवाज. तीन मिनिटांत राग असा मांडायचा, की काही राहून गेले असे वाटू नये. १९५२ सालच्या "बैजू बावरा" चित्रपटात अमीर खाँसाहेबांबरोबर गाताना साऱ्या देशाने तो ऐकला. १९५५ साली भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर बापूराव चीनला जाऊन आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेंदूच्या आजाराने गेले. वय अवघे चौतीस.

या दोघांची पहिली तबकडी एकाच सालची; पुढे एकाला सदुसष्ट वर्षे मिळाली, दुसऱ्याला अकरा. होतकरूंना शाबासकी "पुढे बघू" म्हणून टाळणाऱ्यांनी बापूरावांची आठवण ठेवावी. त्या अकरा वर्षांत कुणी त्यांना ध्वनिमुद्रण करायला बोलावलेच नसते, तर आज आपल्या हाती काय राहिले असते? नव्या माणसावर वेळीच विश्वास टाकणे हा उपकार नसतो. पुष्कळदा तो आपल्याच नातवंडांसाठी केलेला साठा असतो.

रेडिओची परीक्षा

स्वातंत्र्यानंतर राजेरजवाडे गेले आणि गवयांचा आश्रयदाता झाला रेडिओ. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले आणि त्यांनी गवयांची परीक्षा घ्यायची पद्धत कसून लागू केली. नावाजलेल्या मंडळींना परीक्षेला बसावे लागणार म्हणून केवढा गहजब झाला होता! पण नव्यांच्या दृष्टीने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ज्याच्या मागे घराणे नाही, संस्थानिक नाही, त्यालाही सरकारी दारात जाऊन "माझे ऐका" म्हणण्याचा हक्क मिळाला. त्याच १९५२ साली आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला. आणि त्याच दशकात तरुणांसाठी अखिल भारतीय स्पर्धा सुरू झाली. या स्पर्धेने किती नावे पुढे आणली, पाहा. १९७२ साली गायनात वीणा सहस्रबुद्धे. १९९० साली संजीव अभ्यंकर. दोघेही पुढे आपापल्या वाटेने मोठे झाले.

पण स्पर्धा आणि तबकडी या दोन्हींच्या जाळ्यातून निसटून जाणारी माणसेही असतात. वसंतराव देशपांडे यांच्याकडे पाहा. १९३५ साली भालजी पेंढारकरांच्या "कालियामर्दन" चित्रपटात बालकृष्ण होऊन त्यांनी महाराष्ट्राचे कौतुक मिळवले. त्यानंतर? त्यानंतर वर्षानुवर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी! गाणे जाणत्यांना ठाऊक होते, पण घराण्याची कोणती चौकट त्यांना लावावी हे कुणाला उमगेना. १९६७ सालच्या डिसेंबरात "कट्यार काळजात घुसली" रंगभूमीवर आले, खाँसाहेबांच्या भूमिकेतले वसंतराव गायला लागले आणि अवघा महाराष्ट्र खडबडून जागा झाला. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. कुठल्याही "युवा" पुरस्काराची मुदत त्यांच्या बाबतीत केव्हाच टळून गेली होती.

त्याच १९६७ साली एक तबकडीही गाजली. काश्मीरच्या खोऱ्यातला एक दिवस रागांतून उभा करणारी "कॉल ऑफ द व्हॅली". संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा. तिघेही तिशीच्या आसपासचे. संतूर हे वाद्य शास्त्रीय मैफिलीत बसते की नाही, याबद्दल तेव्हा जाणकार शंका काढीत होते. अशा तिघांना एकत्र बसवून मोठी तबकडी काढण्यामागे एच. एम. व्ही.चे गोविंद नारायण जोशी होते. हे जी. एन. जोशी वकिली शिकलेले, तरुणपणी भावगीते गाऊन नाव मिळवलेले आणि मग आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज टिपत बसलेले गृहस्थ. त्यांच्या "स्वरगंगेच्या तीरी" या आठवणी ज्यांनी वाचल्या असतील त्यांना ठाऊक आहे, की एखाद्या मानी गवयाला यंत्रापुढे आणून बसवणे ही केवढी कारागिरी असते! चांगल्या कानाचा एक माणूस योग्य खुर्चीवर बसलेला असला, तर तो दहा पुरस्कारांचे काम करतो. आत्याच्या कंपनीत त्या खुर्चीवर कोण होते कोण जाणे.

साहेबाच्या देशात

तबकडी ऐकून बक्षीस द्यायची रीतसर व्यवस्था पाहायची तर विलायतेला जावे लागते. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी १९२३ साली लंडनमध्ये "ग्रामोफोन" नावाचे मासिक काढले. नव्या तबकड्या ऐकून त्यांचे गुणदोष सांगायचे, एवढाच त्याचा विषय. त्या मासिकाने १९७७ पासून वार्षिक पुरस्कार सुरू केले. त्यांतला एक तरुण कलावंतासाठी असतो. २०१२ साली तो बेंजामिन ग्रोव्हनर या वीस वर्षांच्या पियानोवादकाला मिळाला. शोपँ, लिस्ट आणि राव्हेल यांच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणासाठी वाद्यसंगीताचा पुरस्कारही त्याच वर्षी त्याच्याच हाती आला.

या मुलाची वाटचाल नीट पाहण्याजोगी आहे. २००४ साली, अकराव्या वर्षी, तो बी. बी. सी.च्या तरुण वादकांच्या स्पर्धेत पियानोच्या विभागात पहिला आला. बी. बी. सी.ने १९९९ पासून एक योजना चालवली आहे. निवडलेल्या तरुणांना करंडक न देता दोन वर्षे काम द्यायचे : मैफिली, रेडिओवरचे वादन, ध्वनिमुद्रणे. या योजनेतही तो होता. मग एका मोठ्या कंपनीशी करार झाला, मग तबकडी निघाली, आणि मग पुरस्कार. म्हणजे बक्षीस हे तिथे शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवलेले आहे, आणि खालच्या पायऱ्याही कुणीतरी बसवून ठेवलेल्या आहेत. आमच्याकडे पुष्कळदा पायरी एकच असते. तिच्यावरून उतरले की थेट जमीन.

अर्थात आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. संगीत नाटक अकादमीने २००६ साली तरुण कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या नावाचा युवा पुरस्कार सुरू केला. त्याची रक्कम पंचवीस हजार रुपये. वयाची मर्यादा आता चाळीस वर्षे. कौशिकी चक्रवर्ती यांना तो २०१० साली मिळाला. त्यांना बी. बी. सी.ने मात्र २००५ सालीच गौरवले होते! कुमार गंधर्वांच्या नावाने मध्य प्रदेश शासन तरुण कलावंतांना सन्मान देते. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीत अठरा ते पंचवीस वयाच्या निवडक मुलांना दोन वर्षे दरमहा पाच हजार रुपये मिळतात. आणि कलकत्त्याच्या संगीत रिसर्च अकादमीची रीत मला फार आवडते. तिथे गुरूला घर देतात आणि शिष्याला गुरू देतात. १९८० साली निसार हुसेन खाँसाहेबांबरोबर तिथे आलेला राशिद नावाचा कोवळा मुलगा पुढे उस्ताद राशिद खाँ झाला. आपले उल्हास कशाळकर तिथे अनेक वर्षे गुरू म्हणून शिकवत आले आहेत.

या सगळ्यांकडे पाहून मला वाटते, की होतकरूला द्यायच्या तीन गोष्टी आहेत. पहिली वेळ, म्हणजे दोन-चार वर्षे पोटाची चिंता न करता रियाज करण्याची सोय. दुसरी गुरूचा सहवास. आणि तिसरी ऐकणारे कान, मग ते पन्नास का असेनात. करंडक या तिन्हींकडे नेणारा असेल तर त्याला सोन्याचे मोल. नसेल, तर त्यात पेन्सिली ठेवाव्यात.

आज प्रत्येकाची तबकडी

कुणी म्हणेल, आता कंपनीची मिनतवारी करायला कशाला हवी? खिशातल्या फोनवर गाणे टिपा आणि जगाला ऐकवा. खरे आहे. पुतणीची तीनशे गाणी तिच्या फोनमध्ये आहेत; आत्याची जन्मात दोन. तीन मिनिटांची मर्यादा गेली, तासभर मारवा गायला कुणाची आडकाठी नाही. पण अडचण पालटली आहे. पूर्वी गाणे टिपायला यंत्र मिळत नव्हते. आता टिपलेले ऐकायला माणूस मिळत नाही. हजारो आवाजांच्या गर्दीत "हा ऐका" असे सांगणारा विश्वासाचा माणूस हवा असतो. म्हणून चोख परीक्षकाची गरज पूर्वीपेक्षा आज अधिक आहे. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात चालत आलेल्या महोत्सवात दुपारच्या उन्हात एखादे अनोळखी नाव गायला बसते आणि मागच्या रांगेतला म्हातारा डबा बाजूला ठेवून पुढे सरकतो, तेव्हा त्या नावाला जे मिळते ते कुठल्याही प्रशस्तिपत्रावर लिहिता येत नाही.

आणि हरलेल्यांचे काय? प्रत्येक स्पर्धेत एक जिंकतो आणि चाळीस घरी जातात. त्या चाळिसांना दोन शब्द लिहून पाठवायची पद्धत किती संस्थांत आहे? "तुझा आवाज चांगला आहे, लय कच्ची आहे, वर्षभर ती सुधार आणि पुन्हा ये." एवढे एक कार्ड! पुतणीला आला तो फोनवर एक शब्द : अपात्र. मी मराठीचा मास्तर. शब्दांच्या छटा शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण सतरा वर्षांच्या मुलीला हा शब्द समजावून सांगणे मला जमले नाही.

भाऊबीज

भाऊबीजेला आत्या दरवर्षी बाबांना ओवाळायला येते. त्या दिवशी मी जुन्या तबकड्या जमवणाऱ्या एका स्नेह्याला यंत्रासकट घरी बोलावले होते. आत्याला काही सांगितले नव्हते. ओवाळणे झाले, फराळाच्या ताटल्या फिरल्या. स्नेह्याने तबकडी मऊ फडक्याने पुसली, चावी दिली, नवी सुई लावली. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून, दुसऱ्या एखाद्या घरातून यावा तसा, वीस वर्षांच्या मुलीचा बागेश्री आला.

बाबांनी चिवड्याची ताटली खाली ठेवली. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. आम्हांला वाटले, हिला रडू येणार. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "तो निषाद बघ, घाईने लागलाय."

मी म्हटले, "आत्या, त्या कंपनीने तुझ्यावर मोठा अन्याय केला."

"केला की," ती म्हणाली. "नाही कशाला म्हणू? पण एक सांगू का? त्या पत्राने माझं गाणं नाही थांबलं. पत्र आलं त्या दिवशी मी तंबोरा गवसणीत घातला, त्याने थांबलं. तुझी आजी रोज म्हणायची, काढ गं, काढ. मी म्हणायची, उद्या. मग लग्न ठरलं, मग तुझी आतेभावंडं झाली. तो उद्या काही आला नाही बघ."

खोलीत कुणी बोलले नाही. पुतणी दाराशी उभी होती. ती केव्हा आली होती, कोण जाणे. सुई तबकडीच्या शेवटच्या रेघेत फिरत राहिली होती. स्नेह्याने ती हलकेच उचलली.

"आजी, अंतरा अर्धाच राहिला का गं?" पुतणीने विचारले.

"अर्धाच. तीन मिनिटं झाली ना. त्यांनी लाल दिवा लावला."

"पुढे काय आहे त्यात?"

आत्याने हातातली ताटली बाजूला सारली आणि पदर सारखा केला. म्हणाली, "असं तोंडी नाही सांगता येत. जा, तंबोरा घेऊन ये."